विळा लाल का होतो?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी अकरावी-बारावीचं रसायनशास्त्र शिकलो. सर आधी काहीतरी करून दाखवायचे आणि मग बोलायचे. तीच रीत आज पाळतो. टेबलावर काचेचे दोन पेले आहेत. पहिल्यात पाण्यात विरघळवलेला मोरचूद आहे, निळाशार. दुसऱ्यात बोर्डो मिश्रण आहे, म्हणजे तोच मोरचूद आणि तेवढाच चुना. आज दुपारी इथल्याच एका बागायतदाराने ते ताजं करून दिलं. त्याचा रंग फिकट आकाशी, दह्यासारखा दाट. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेले दोन सारखे लोखंडी खिळे आहेत. एकेक खिळा एकेका पेल्यात सोडतो. आता सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मी बोलतो, तोवर पेल्यांना त्यांचं काम करू द्या.

हा विषय निवडण्यामागे एक फोन आहे. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली होती, पाऊस लांबला होता आणि केवडा रोगाच्या भीतीने जो तो बोर्डो फवारत होता. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, "सर, आमच्याकडे बोर्डो तयार झालं की आधी त्यात विळा बुडवून बघतात. पातं लाल झालं तर फवारायचं नाही, चुना वाढवायचा. वडील करतात म्हणून मीही करतो. पण पातं लाल होतं म्हणजे नेमकं होतं काय? आणि चुना घातला की ते थांबतं कसं?" त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी फोनवरच दिलं. दुसऱ्याचं उत्तरही दिलं, पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ते अर्धवट होतं. पूर्ण उत्तर आज देतो.

लाल थर म्हणजे तांबं. मोरचूद पाण्यात विरघळला की तांबं आयनांच्या रूपात पाण्यात येतं. तांब्याच्या प्रत्येक आयनात दोन इलेक्ट्रॉनांची उणीव असते. लोखंडाचा अणू ते दोन इलेक्ट्रॉन देतो आणि स्वतः आयन होऊन पाण्यात उतरतो. तांब्याचा आयन ते घेतो आणि धातू होऊन पात्यावर बसतो. देणाऱ्याचं ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचं क्षपण. एकाशिवाय दुसरं होत नाही, म्हणून दोन्ही मिळून रेडॉक्स. चीनमध्ये सोंग राजवटीत मोरचुदाच्या नैसर्गिक पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकून याच रीतीने तांबं मिळवत असत. युरोपातल्या किमयागारांना तर लोखंडाचंच तांबं झालं असं वाटे. त्यांनी पाहिलं ते खरंच होतं, त्यांचा अर्थ तेवढा चुकला. पात्यावर जेवढं तांबं बसतं, त्या हिशोबाने लोखंड पाण्यात जातं.

हा हिशोब बागायतदारांनी एकदा मनाशी करून पाहावा. एक टक्का बोर्डोसाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद लागतो. त्या किलोभरात तांबं असतं सुमारे २५४ ग्रॅम. ते द्रावण चुना घालण्याआधी लोखंडी पिंपात राहू दिलं आणि सगळं तांबं पिंपाला चिकटलं, तर पिंपाचं सुमारे २२३ ग्रॅम लोखंड पाण्यात जाईल. पिंप तर खराब होईलच, शिवाय ज्या तांब्यासाठी पैसे मोजले ते पिंपाच्या आतल्या अंगाला लागून राहील आणि वेलीवर जाईल लोखंडाचं पाणी. प्लास्टिकचं किंवा लाकडी भांडं घ्या असं कृषी खातं सांगतं, त्याचं कारण हे.

आता मुलांना पडायला हवा तो प्रश्न. लोखंडानेच का द्यायचं आणि तांब्यानेच का घ्यायचं? उलट का नाही? तांब्याची पट्टी लोखंडाच्या सल्फेटात ठेवली तर दिवसभर वाट पाहूनही तिच्यावर लोखंड बसत नाही. दहावीच्या पुस्तकात याचं उत्तर अभिक्रियाशीलता श्रेणीत आहे: वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षारातून हुसकावतो. पण श्रेणी फक्त क्रम सांगते. कोण किती पुढे आहे, ते सांगत नाही. त्यासाठी आकडा लागतो, आणि तो आकडा विजेने दिला.

इटलीतल्या व्होल्टाने १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्या एकाआड एक रचून, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा घालून, वाहती वीज मिळवली. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या डॅनियलने १८३६ साली त्यात फार महत्त्वाची सुधारणा केली. जस्त त्याच्या स्वतंत्र द्रावणात आणि तांबं मोरचुदात अशी त्याने दोघांची बिऱ्हाडं वेगळी केली. जस्त जे इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनाला समोरासमोर हातात देत होतं, ते आता तारेतून फिरून जाऊ लागले. तार आली की मीटर लावता येतो. डॅनियलचा घट जवळजवळ १.१ व्होल्ट दाखवतो आणि तासन् तास तेवढाच दाखवतो. पेल्यात आपण रंग बदलताना पाहतो तीच अभिक्रिया इथे मोजता येते. माझ्या मते रसायनशास्त्राच्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर युक्ती आहे. देवाणघेवाण करणाऱ्या दोघांना लांब बसवलं आणि त्यांच्यातली ओढ काट्यावर आली.

पण १.१ व्होल्ट हा दोघांमधला फरक झाला. एकट्या जस्ताचा आकडा कसा काढणार? काढता येत नाही. डोंगराची उंची सांगायलासुद्धा समुद्रसपाटी शून्य धरावी लागते. इथे तो मान हायड्रोजनला दिला आहे. प्लॅटिनमच्या पट्टीवर एका वातावरणाच्या दाबाने हायड्रोजन वायू सोडायचा, पट्टी ठरावीक तीव्रतेच्या आम्लात ठेवायची, तापमान २५ अंश ठेवायचं आणि त्याला शून्य म्हणायचं. त्याच्याशी जोडून प्रत्येक धातू मोजला की तक्ता तयार होतो. चांदी अधिक ०.८०, तांबं अधिक ०.३४, हायड्रोजन ०, शिसं उणे ०.१३, कथील उणे ०.१४, लोखंड उणे ०.४४, जस्त उणे ०.७६, ॲल्युमिनियम उणे १.६६, मॅग्नेशियम उणे २.३७. आकडा जितका वर, तितकी त्या आयनाची इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ जास्त. जितका खाली, तितका तो धातू द्यायला तयार. वरच्याचा आयन घेतो, खालच्याचा धातू देतो.

विळ्याचं भाकीत आता तोंडी करता येईल. तांबं अधिक ०.३४, लोखंड उणे ०.४४, फरक ०.७८ व्होल्ट. फरक धन आला, म्हणजे अभिक्रिया आपणहून घडेल. किती पुढे जाईल? इथे आकड्याची खरी ताकद कळते. एवढ्या फरकाचा समतोल स्थिरांक १०च्या २६व्या घाताच्या आसपास येतो, म्हणजे लोखंड पुरेसं असेल तर तांबं जवळजवळ शेवटच्या आयनापर्यंत बाहेर येईल. याउलट कथलाची पट्टी शिशाच्या नायट्रेटात ठेवा. फरक फक्त एक शतांश व्होल्ट, स्थिरांक जेमतेम २. तिथे कुणीच जिंकत नाही, द्रावणात कोणाचे आयन जास्त आहेत यावर पारडं इकडेतिकडे झुकतं. श्रेणी पाठ केलेला मुलगा दोन्ही ठिकाणी "वरचा खालच्याला हुसकावतो" एवढंच लिहील.

वर्गातली एक आठवण सांगतो, कारण ही चूक आजही दरवर्षी उत्तरपत्रिकांत सापडते. तांबं चांदीच्या नायट्रेटात ठेवलं की चांदीची झुडपं उगवतात. तांबं दोन इलेक्ट्रॉन देतं, चांदीचा आयन एकच घेतो, म्हणून समीकरणात चांदी दोनदा लिहावी लागते. मी ०.८० चीही दुप्पट केली होती. सर माझ्या वहीजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "गच्चीवरच्या टाकीतून एक बादली भरलीस काय आणि दोन भरल्यास काय, टाकीची उंची वाढते का?" व्होल्ट ही उंची आहे, प्रत्येक विद्युतभारामागची ऊर्जा. बादल्या वाढल्या तर एकूण ऊर्जा वाढेल, उंची तीच राहील. म्हणून ०.८० वजा ०.३४, उत्तर ०.४६. तेव्हापासून ती टाकी माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

आणखी एका ठिकाणी मुलं अडखळतात. तिथे मी नेहमी रेंगाळतो, कारण तिथेच विषय खरा कळतो. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी सर्किट बोर्ड बनवणाऱ्या मुलांना फेरिक क्लोराइड माहीत असतं. तांब्याचा पत्रा चढवलेला बोर्ड त्या तपकिरी पाण्यात हलवत ठेवला की उघडं तांबं विरघळून जातं. आता सांगा, फेरिक क्लोराइड म्हणजे लोखंडाचाच क्षार ना? आत्ताच आपण म्हणालो की लोखंड तांब्याला पाण्यातून बाहेर काढतं. मग लोखंडच तांब्याला पाण्यात कसं उतरवतं? उत्तर असं की तक्त्यात लोखंड दोन पाटांवर बसलेलं आहे. लोखंड धातू आणि दोन इलेक्ट्रॉन गमावलेला त्याचा आयन ही एक जोडी, तिचा आकडा उणे ०.४४. तीन गमावलेला आयन आणि दोन गमावलेला आयन ही दुसरी जोडी, तिचा आकडा अधिक ०.७७. हा ०.७७ तांब्याच्या ०.३४ च्या वर आहे. त्यामुळे तीन गमावलेला आयन तांब्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. म्हणून "लोखंड आणि तांबं" असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या रूपातलं लोखंड, कोणत्या रूपातलं तांबं, हे आधी ठरवायचं. तक्त्यात ओळी असतात त्या जोड्यांच्या.

इथवर तक्त्याचं कौतुक झालं. आता तो काय सांगत नाही ते बोलू. त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ.

माझी आजी पितळेच्या पातेल्यात ताक कधी ठेवू देत नसे. "कळकेल" म्हणायची. तक्ता पाहिला तर आजी चुकली असं वाटेल. ताकात आम्ल आहे, पण पितळेतल्या तांब्याचा आकडा हायड्रोजनच्या वर आहे, म्हणजे आम्लातल्या हायड्रोजनच्या आयनाला तांबं इलेक्ट्रॉन देणार नाही. हे खरंच आहे, तांब्यावर आम्ल टाकलं तर हायड्रोजनचे बुडबुडे येत नाहीत. पण पातेल्यात आणखी कोणीतरी आहे, ज्याला आपण मोजलंच नाही. हवेतला ऑक्सिजन. आम्लात त्याचा आकडा अधिक १.२३, ताकाएवढ्या आंबटपणात तो जवळजवळ १ व्होल्टपर्यंत उतरतो, तरी तांब्याच्या बराच वर राहतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो, तांबं ताकात उतरतं, ताक कळकतं. आजीला आकडे माहीत नव्हते, पण तिचं भाकीत बिनचूक होतं. कागदावर भाकीत करणाऱ्याने पेल्यात कोण कोण हजर आहे याची यादी आधी पुरी करावी.

आणि मग कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा करून भट्टी, भात्याचा आवाज, लालबुंद कोळसे. पातेलं तापलं की तो नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, नाकात झोंबायचा. नवसागर पृष्ठावरचा ऑक्साइडचा थर साफ करतो. मग कथलाची कांडी एकदा टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात फिरवायचं. काळंपिवळं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. कथलाचा आकडा उणे ०.१४, म्हणजे हायड्रोजनच्या खाली. तक्त्याप्रमाणे कथील आंबटात विरघळायला हवं, तांब्याहून अधिक. पण कथलाच्या पृष्ठावर हायड्रोजन वायू सहजासहजी सुटत नाही, त्यामुळे विरघळणं फार सावकाश चालतं. शिवाय थोडंफार जे उतरतं ते कथील असतं, तांब्यासारखं कळकवणारं नसतं. तक्ता सांगतो की वाट उताराची आहे. त्या वाटेने पाणी आज जाईल की दहा वर्षांनी, हे तो सांगत नाही.

ॲल्युमिनियमचं उदाहरण याहून ठळक आहे. उणे १.६६ वाला हा धातू ओलाव्यात क्षणभर टिकू नये. तरी घरोघरी त्याची पातेली आहेत, कारण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पडदा तयार होतो. मुलांनी करून पाहावा असा एक प्रयोग सांगतो. मोरचुदाच्या द्रावणात ॲल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा टाका. बराच वेळ विशेष काही दिसत नाही. मग चमचाभर साधं मीठ टाका. मिठातले क्लोराइड आयन पडद्याला भोकं पाडतात आणि फॉइल बघता बघता लालसर भुग्यात बदलते, पेला हाताला गरम लागतो. तक्त्यातला आकडा मिठाआधी आणि मिठानंतर तोच होता.

आता एका इंग्रजाची गोष्ट, जी आपल्या द्राक्षबागेच्या फार जवळची आहे. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत असत. खाऱ्या पाण्यात ते हळूहळू झिजत. हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला उपाय विचारला गेला. १८२४ साली त्याने तांब्याला जस्ताचे आणि ओतीव लोखंडाचे लहान तुकडे जोडले. तुकडे इलेक्ट्रॉन देत राहतील, स्वतः झिजतील, तांबं शाबूत राहील. झालंही तसंच. पत्रे झिजायचे थांबले. आणि जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शंखशिंपल्यांची पुटं चढू लागली, वेग कमी झाला आणि ती योजना सोडून द्यावी लागली. कारण तांब्याचे आयन पाण्यात उतरत होते म्हणूनच तो तळ स्वच्छ राहत होता. तेच आयन त्या जीवांना मारत होते. डेव्हीचं विद्युतरसायन बरोबर होतं आणि त्याची रीत आज जगभर वापरली जाते. मिरकरवाड्याच्या बंदरात ओढून ठेवलेल्या मच्छीमार बोटीखाली वाकून पाहा, पंख्याजवळ जस्ताची वडी लावलेली दिसेल. गंजू नये म्हणून पत्र्यावर जस्त चढवतात तेही हेच. ओरखडा उठला तरी आधी जस्त जातं, लोखंड मागे राहतं.

आता द्राक्षबागेत येऊ. फ्रान्समध्ये बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुन्याचा सडा घालत, येणाऱ्याजाणाऱ्याने द्राक्षं तोडू नयेत म्हणून. १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की सडा घातलेल्या वेलींना केवडा झालेला नाही. १८८५ साली त्याने ते प्रसिद्ध केलं आणि बोर्डो मिश्रण जगभर गेलं. डेव्हीच्या जहाजाचा तळ आणि मिलार्देचं पान यांत एकच गोष्ट काम करते: तांब्याचा मोकळा आयन. तो बुरशीला मारतो. प्रमाणाबाहेर असेल तर पानालाही करपवतो. सारा खेळ तो किती मोकळा आहे याचा आहे. चुना तांब्याला हायड्रॉक्साइडसारख्या न विरघळणाऱ्या रूपात बांधून ठेवतो, आणि पानावर ओलावा येईल तसतसं ते थोडं थोडं सुटतं.

आता फोनवरचं अर्धवट उत्तर पूर्ण करतो. तक्त्यातले आकडे एका ठरावीक संहतीसाठी आहेत. संहती बदलली की आकडा सरकतो. तो किती सरकतो हे जर्मनीच्या नेर्न्स्टने १८८९ साली सूत्रात मांडलं. तांब्यासारख्या दोन इलेक्ट्रॉनांच्या जोडीत आयन दहापट कमी झाले की आकडा सुमारे ०.०३ व्होल्टने उतरतो. एक टक्का मोरचुदात तो ०.३० च्या आसपास असतो. चुना पुरेसा पडला की मोकळे आयन अब्जावधी पटींनी घटतात आणि आकडा शून्याच्या आसपास किंवा त्याखाली येतो. मी फोनवर म्हणालो होतो, "म्हणून अभिक्रिया थांबते." ते बरोबर नव्हतं. शून्य झालं तरी ते लोखंडाच्या उणे ०.४४ च्या वरच आहे. तक्ता अजूनही म्हणतो, लोखंड देऊ शकतं.

मग विळा स्वच्छ का राहतो? दोन कारणं. एक म्हणजे लोखंडाजवळ पोचायला मोकळे आयन जवळजवळ उरलेलेच नसतात. दुसरं असं की चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात लोखंडावरही ॲल्युमिनियमसारखा पातळ पडदा बसतो. काँक्रीटमधल्या सळया वर्षानुवर्षं टिकतात त्या सिमेंटमधल्या याच अल्कधर्मी वातावरणामुळे, आणि समुद्राकाठी खारी हवा आत शिरली की क्लोराइड तो पडदा फोडतं आणि स्लॅबचे पोपडे पडतात. म्हणजे विळ्याची परीक्षा ही तक्त्याची परीक्षा नाहीच. ती मोकळ्या आयनांची आणि चुन्याच्या पुरेपणाची परीक्षा आहे, आणि बागेला नेमकी तीच हवी आहे. ज्या कुणी शेतकऱ्यांनी ही खूण शोधली, त्यांना माझा नमस्कार.

सात वाजायला आले आहेत. पहिल्या पेल्यातला खिळा बाहेर काढतो. मागच्या रांगेपर्यंत दिसत असेल, बुडालेला भाग विटेसारखा लाल झाला आहे. बोटाने घासलं की लाल भुगा निघतो आणि खाली लोखंड खडबडीत झालेलं लागतं. हा दुसरा, बोर्डोमधला. पुसतो. जसा सोडला तसाच निघाला.

बागायतदारांनो, उद्या पहाटे पिंप भरायला घ्याल तेव्हा प्लास्टिकचं घ्या आणि चुना ताजा घ्या. पंपात ओतण्याआधी घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर मिश्रणात धरा. लाली दिसली तर चुन्याची निवळी घालून ढवळा, पातं पुन्हा घासा आणि पुन्हा धरा. ते स्वच्छ निघेपर्यंत पंप सुरू करू नका.